बांधापलीकडची रेड वाइन

फ्रान्सच्या बोर्दो प्रांतात लिबुर्न गावाच्या पूर्वेला बार्बान नावाचा एक छोटा ओढा आहे. त्याच्या दक्षिणेला पोमरोल आणि सँ-एमिलियों, उत्तरेला लालांद-द-पोमरोल, मोंतान्य आणि सँ-जॉर्ज. दोन्हीकडे मुख्यतः मर्लो आणि काबेर्ने फ्राँ हीच द्राक्षं, हवामान जवळपास सारखं, वाइन करायची रीतही तीच. पण ओढा ओलांडला की बाटलीची किंमत धाडकन खाली येते. पोमरोलमधली पेत्रूस ही जगातल्या सर्वांत महाग वाइनपैकी एक. तिच्या एका बाटलीच्या पैशात पलीकडच्या काठावरच्या चांगल्या वाइनच्या पेट्याच्या पेट्या येतील.

शेजारच्या शेतातलं पीक इतकं स्वस्त कसं, असं कोणीही विचारेल. पण ज्याला रेड वाइन दहा-पंधरा वर्षं ठेवून मग उघडायची आहे, त्याचा प्रश्न वेगळा असतो. ही स्वस्तातली वाइन मुरेल का?

मुरणं आणि शिळं होणं यात फरक आहे, आणि जगातली बहुतेक रेड वाइन ठेवली की फक्त शिळी होते. ती वर्ष-दोन वर्षांत पिऊन संपावी म्हणूनच केलेली असते आणि त्यात कमीपणा काही नाही. ‘वाइन जितकी जुनी तितकी चांगली’ हा समज मात्र खरोखर काढून टाकण्यासारखा आहे. मुरण्यासाठी बाटलीत मुळात काहीतरी असावं लागतं, आणि ते येतं द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून.

बिनदुधाचा चहा जास्त उकळला की जिभेवर कोरडी, आवळल्यासारखी जाणीव होते. तोच तुरटपणा टॅनिनचा. लाळेतल्या प्रथिनांना टॅनिनचे रेणू चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड खरखरीत वाटतं. रेड वाइन सालींसकट आंबवतात, त्यामुळे सालीतलं आणि बियांतलं टॅनिन रसात उतरतं. त्याच्यासोबत उतरतो लाल-जांभळा रंग, म्हणजे अँथोसायनिन. नव्या वाइनमध्ये ही दोन कुळं बऱ्याच अंशी सुटी असतात. पुढच्या काही वर्षांत त्यांची सोयरीक जुळते. अँथोसायनिनचा रेणू टॅनिनच्या साखळीला जोडला जातो, कधी थेट, कधी अ‍ॅसिटाल्डिहाइडच्या रेणूचा पूल घालून. सुटं अँथोसायनिन काही वर्षांत जवळजवळ संपतं, तरी वाइन लालच राहते, कारण आता रंग या जोडलेल्या रेणूंचा असतो. तो जास्त टिकाऊ, पण छटा बदललेली: जांभळ्याकडून माणकासारख्या लालाकडे आणि तिथून विटकरीकडे.

तुरटपणा कमी का होतो, याचं जुनं उत्तर सोपं होतं. साखळ्या लांब होत जातात, जड होतात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. हे खरं आहे, पण पुरतं नाही. आम्लाच्या सान्निध्यात टॅनिनच्या साखळ्या तुटतातही, आणि तुटलेले तुकडे दुसरीकडे जोडले जातात. म्हणजे बाटलीत नुसती वाढ चालू नसते, अखंड मोडतोड आणि पुनर्बांधणी चालू असते. सुवासाचंही तसंच. ताज्या फळाचा वास ओसरतो आणि त्या जागी चामडं, तंबाखू, ओली पानं, कधी जमिनीत उगवणाऱ्या ट्रफल या बुरशीचा वास येतो. या शेवटच्या वासात डायमिथाइल सल्फाइड या साध्या गंधकयुक्त रेणूचा वाटा आहे, आणि तो बाटलीत हळूहळू तयार होतो.

या सगळ्याला थोडासा ऑक्सिजन लागतो. लुई पाश्चरने वाइन काचेच्या बंद नळ्यांत भरून, काहींत हवा ठेवून आणि काहींत न ठेवता, फरक पाहिला होता. 1866 साली त्याने वाइनवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ऑक्सिजन वाइनला घडवतोही आणि बिघडवतोही हे त्याने दाखवलं. बुचातून बाटलीत शिरणारा ऑक्सिजन वर्षाला मिलिग्रॅमांत मोजावा इतकाच असतो. तेवढा पुरतो.

टॅनिनबद्दल सगळे बोलतात, आम्लतेबद्दल कमी. माझ्या मते स्वस्त वाइन निवडताना खरी फसगत इथे होते. वाइन टिकावी म्हणून तिच्यात सल्फर डायऑक्साइड घालतात. तो अनेक रूपांत विरघळतो, पण जंतूंना रोखणारं मुख्य काम त्याचं अखंड रेणूचं रूप करतं. ते किती असेल हे पीएचवर ठरतं; पीएच जितका कमी तितकी आम्लता जास्त. पीएच 3.4 असेल तर सुट्या सल्फर डायऑक्साइडपैकी सुमारे 2.5 टक्के या कामाच्या रूपात असतो, पीएच 3.8 झाला की जेमतेम 1 टक्का. म्हणजे तेवढ्याच सल्फर डायऑक्साइडमध्ये राखणदार अडीच पटींनी घटले. उन्हात जास्त पिकलेल्या, गोडसर, गुबगुबीत वाइन पहिल्या घोटाला फार आवडतात. पण त्यांचा पीएच बऱ्याचदा चढलेला असतो आणि आठव्या-दहाव्या वर्षी त्या सैल पडतात.

आता पुन्हा बांधाकडे.

सँ-एमिलियोंचं गाव ज्या पठारावर उभं आहे ते चुनखडीचं आहे. भूवैज्ञानिक त्याला ‘तारामाशांची चुनखडी’ म्हणतात, कारण तिच्यात तारामाशांच्या सांगाड्यांचे बारीक तुकडे सापडतात. सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. हाच दगड काढून बोर्दो शहरातल्या इमारती बांधल्या गेल्या, आणि दगड काढून झाल्यावर उरलेल्या भुयारांत आज वाइनच्या बाटल्या निजवलेल्या असतात. या दगडाचं वेलीच्या दृष्टीने महत्त्व पाण्यापुरतं आहे, आणि तेच फार मोठं आहे. सच्छिद्र चुनखडी पाणी धरून ठेवते आणि वरच्या चिकणमातीला थोडं थोडं देत राहते. वेल तहानेने होरपळत नाही, पण तिची चैनही होत नाही. बोर्दोतले संशोधक कॉर्नेलिस व्हॅन लीउवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीचा परिणाम मुख्यतः पाण्याच्या पुरवठ्यातून होतो हे मोजून दाखवलं आहे. पाणी बेताचं मिळालं की द्राक्ष लहान राहतं, लहान द्राक्षात रसाच्या मानाने साल जास्त, आणि साल जास्त म्हणजे टॅनिन आणि रंग जास्त. वाइन दगडाची चव घेते वगैरे काव्य मला फारसं पटत नाही. पाण्याचा हिशेब मात्र पटतो.

हे पठार सँ-एमिलियोंच्या प्रशासकीय हद्दीवर थांबत नाही. ते पूर्वेला कास्तियोंमध्ये तसंच पुढे जातं. 1453 साली जिथल्या लढाईने इंग्लंड आणि फ्रान्समधलं शंभर वर्षांचं युद्ध संपलं, तेच हे कास्तियों. पश्चिमेला लिबुर्नच्या पलीकडे फ्रॉन्साकच्या टेकड्यांवरही ही चुनखडी पुन्हा डोकं वर काढते आणि उतारांवर चिकणमाती-चुनखडीचं मिश्रण मिळतं. अठराव्या शतकात फ्रॉन्साकचं नाव सँ-एमिलियोंपेक्षाही मोठं होतं. मग व्यापार बदलला, फॅशन बदलली आणि टेकड्या मात्र होत्या तिथेच राहिल्या.

कास्तियों स्वस्त असण्यामागे एक रास्त कारणही होतं. समुद्रापासून थोडं दूर आणि थोडं थंड, त्यामुळे तिथे द्राक्षं उशिरा पिकत आणि कित्येक वर्षी नीट पिकतच नसत. न पिकलेल्या बियांचं टॅनिन हिरवट, टोचणारं असतं. ते वीस वर्षं ठेवलं तरी वठणीवर येत नाही. पण गेल्या तीन-चार दशकांत हवामान तापलं. पूर्वीचा तोटा आता फायद्याचा झाला. प्रसिद्ध गावांत द्राक्षं जास्त पिकण्याची धास्ती वाढली असताना या थंड कडेच्या जमिनीत आम्लता टिकते आणि सालही पिकते. बाटलीवरची किंमत अजून जुन्या हवामानातली आहे. ग्राहकाने साधायची संधी हीच.

अर्थात, प्रत्येक शेजारी भाऊ नसतो. पेत्रूसच्या मळ्याखालची निळी चिकणमाती हा पोमरोलच्या माथ्यावरचा लहानसा तुकडा आहे, तो बार्बान ओलांडत नाही. लालांद-द-पोमरोलची वाइन चांगली असते, पण ‘गरिबांची पेत्रूस’ असं कोणी म्हटलं तर हसून सोडून द्यावं. फ्रान्समधल्याच ऱ्होन खोऱ्यातलं उदाहरण याहून बोलकं आहे. एर्मिताजची टेकडी अवघी 136 हेक्टरची, तिथली सिराह द्राक्षाची वाइन सहज वीस-तीस वर्षं टिकते. तिच्याभोवती क्रोझ-एर्मिताज हा कितीतरी मोठा पट्टा पसरलेला आहे. त्याच्या उत्तरेच्या भागात एर्मिताजसारखाच ग्रॅनाइट मिळतो, तर दक्षिणेला नदीने आणलेल्या गोट्यांचं सपाट मैदान आहे. लेबलवर नाव एकच. दक्षिणेची वाइन बहुधा तरुणपणीच प्यावी, उत्तरेच्या उतारावरची ठेवून बघावी.

कधीकधी खरा नातेवाईक शेजारी नसून जरा दूरच राहतो. इटलीच्या पिएमाँते प्रांतात बारोलो ही नेबियोलो द्राक्षाची राणी. नेबियोलोत टॅनिनही भरपूर आणि आम्लताही भरपूर, म्हणजे मुरण्यासाठी लागणारं भांडवल जन्मतःच गाठीला. त्याच प्रांताच्या उत्तरेला, आल्प्सच्या पायथ्याशी गातिनारा आहे. तिथे नेबियोलोला स्पान्ना म्हणतात. तिथली जमीन सुमारे 28 कोटी वर्षांपूर्वीच्या एका महाज्वालामुखीच्या खडकांची, आम्लधर्मी, आणि वाइन बारोलोपेक्षा सडपातळ पण तितकीच ताठ कण्याची. मला विचाराल तर वीस वर्षांच्या पैजेला मी स्वस्त बारोलोपेक्षा चांगली गातिनारा लावेन.

आणि मादिराँ. नैऋत्य फ्रान्समधल्या या भागाचं द्राक्ष तानात. नावातच टॅनिन ऐकू येतं. तुरटपणा इतका की 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्याच पात्रिक द्युकुर्नो या वाइनकर्त्याने टाकीतल्या वाइनमध्ये ऑक्सिजनचे अतिसूक्ष्म बुडबुडे सोडण्याची युक्ती काढली. बाटलीत वर्षानुवर्षं चालणारं काम टाकीत काही महिन्यांत थोडं पुढे ढकलायचं. ही पद्धत पुढे जगभर गेली. पण ज्याच्याकडे वेळ आहे त्याने जुन्या वळणाची मादिराँ शोधावी.

जमीन आणि द्राक्ष जुळलं तरी वाइनकर्त्याच्या मनात काय होतं हे उरतंच. बरेच जण आपली साधी वाइन मुद्दाम हलकी करतात, साली लवकर काढतात, कारण ती लगेच विकायची असते. याचा अंदाज घ्यायला घरच्या घरी एक ओबडधोबड चाचणी आहे. एक बाटली उघडा, एक पेला प्या, बूच परत लावून ठेवा. दुसऱ्या दिवशी एक पेला, तिसऱ्या दिवशी एक. काही वाइन दुसऱ्या दिवशीच गळाठतात: वास बोथट, चव पाणचट, कडेला सफरचंद कापून ठेवल्यासारखा दर्प. काही उलट दुसऱ्या दिवशी उमलतात. उघड्या बाटलीतलं झपाट्याचं ऑक्सिडेशन आणि बंद बाटलीतलं संथ मुरणं ही एकच गोष्ट नव्हे, तेव्हा ही चाचणी पुरावा म्हणून चालणार नाही. पण तिसऱ्या दिवशीही टवटवीत राहिलेली वाइन सहसा निराश करत नाही.

द्राक्षं कोणत्या वर्षीची हेही बघायला हवं. 2009 आणि 2010 ही बोर्दोची दोन्ही गाजलेली वर्षं, पण स्वभाव निराळे. 2009 ऊबदार, भरदार, लवकर मैत्री करणारं. 2010 मध्ये टॅनिन आणि आम्लता दोन्ही चढी. ठेवायची असेल तर दुसरं. बड्या नावांच्या बाबतीत अशा वर्षी किमतीही चढतात. कडेच्या गावांत त्या मानाने कमी चढतात. त्यामुळे थोरल्या गावाची सुमार वर्षातली बाटली घेण्यापेक्षा धाकट्या गावाची उत्तम वर्षातली घ्यावी.

मग ठेवण्याचा प्रश्न. 12 ते 14 अंश सेल्सियस, अंधार, आणि बूच ओलं राहील अशी आडवी बाटली. तापमान 10 अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, म्हणून काही जण म्हणतात की उबेत ठेवलेली वाइन लवकर मुरते. मुरत नाही. प्रत्येक क्रियेचा वेग सारख्या प्रमाणात वाढत नसतो. बिघडवणाऱ्या काही क्रिया पुढे निघून जातात आणि शिजवलेल्या फळासारखी चव उरते. तशी थंड जागा नसेल तर पंधरा वर्षांचे बेत करू नयेत, तीन-चार वर्षांतच वाइन संपवावी.

एकाच वाइनच्या सहा बाटल्या घेतल्या तर तिचा प्रवास कळतो. पहिली पाचव्या वर्षी उघडावी. मधल्या काळात काही रेड वाइन तोंड मिटून बसतात, फळ गेलेलं आणि टॅनिन अजून गेलेलं नाही अशा अवस्थेत. तशी सापडली तर बाकीच्यांना दोन-तीन वर्षं हात लावू नये. कास्तियों किंवा फ्रॉन्साककडून दहा-बारा वर्षांची अपेक्षा वाजवी आहे, चाळीसची नाही.

उघडायच्या आदल्या दिवशी बाटली उभी करावी. ओतताना मानेच्या मागे मेणबत्ती किंवा छोटा दिवा ठेवावा आणि हात न थांबवता सावकाश ओतत जावं. बराच वेळ मानेतून स्वच्छ विटकरी उजेड दिसतो. मग तळाकडून एक काळपट धागा सरकत वर येतो. तिथे थांबायचं. बाटलीत उरलेला तो चमचाभर गाळ म्हणजे बारा वर्षांपूर्वी जिभेला टोचणारं टॅनिन आणि तेव्हाचा जांभळा रंग, एकमेकांना धरून खाली बसलेले.