विश्वास आणि ज्ञान (ख्रिस्ती धर्मविचार)

देवावर विश्वास ठेवणे आणि देवाला जाणणे यांचा परस्परसंबंध काय, हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातला मूलभूत प्रश्न. ज्ञान संपते तिथे विश्वास सुरू होतो, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. ख्रिस्ती परंपरेच्या मुख्य प्रवाहाने ती मान्य केलेली नाही.

त्याचे कारण बायबलमध्येच सापडते. इब्री लोकांस पत्रात (११:१) विश्वास म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टींविषयीची खातरी, असे म्हटले आहे. पण करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१५:१४) प्रेषित पौल बजावतो की ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर विश्वासच व्यर्थ. म्हणजे हा विश्वास एका घटनेवर आणि ती सांगणाऱ्यांच्या साक्षीवर उभा आहे. ज्ञानेश्वरी-गाथेच्या संस्कारात वाढलेल्या इंदूरच्या मराठी वाचकाला ज्ञान आणि भक्ती यांची चर्चा परिचयाची असते. ख्रिस्ती चर्चा वेगळी पडते ती इथे. साक्ष खरी की खोटी, हा प्रश्न तिला टाळता येत नाही. त्याच वेळी नुसती माहितीही पुरत नाही : देव एकच आहे हे भुतेही मानतात आणि थरथरतात, असे याकोब लिहितो (२:१९).

धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीनच्या (३५४–४३०) मते आधी विश्वास, मग आकलन. मध्ययुगीन धर्मविचारक अँसेल्मने (मृत्यू ११०९) श्रद्धेलाच समजून घेण्याची ओढ असते असे मानले. धर्मशास्त्रज्ञ थॉमस ॲक्विनासने १३व्या शतकात सीमा आखली : देवाचे अस्तित्व बुद्धीने सिद्ध होते, त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मात्र प्रकटीकरणानेच, म्हणजे देवाने स्वतः उघड केल्यानेच, कळते. १६व्या शतकातल्या प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनने तर विश्वासाची व्याख्याच देवाच्या कृपेचे पक्के ज्ञान अशी केली. १५६३च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीने (प्रोटेस्टंट धर्मशिक्षणाच्या पुस्तकाने) त्याला मनापासूनच्या भरवशाची जोड दिली.

कॅल्व्हिनच्याच परंपरेतील कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७मध्ये होळकरांच्या इंदुरात काम सुरू केले. १८८७मध्ये तिथे ख्रिश्चन कॉलेज निघाले. विश्वासाला ज्ञान मानणाऱ्यांनी उपासनेबरोबर शिक्षणही हाती घ्यावे, हे त्यांच्या विचाराला धरूनच झाले. शहरातील कॅथलिक समाजाची परंपरा ॲक्विनासची. देव बुद्धीच्या प्रकाशात निश्चितपणे जाणता येतो, हे त्या चर्चने १८७०च्या व्हॅटिकन परिषदेत अधिकृतपणे मांडले.

योगायोगाने १८७७मध्येच इंग्लंडमध्ये गणितज्ञ व तत्त्वज्ञ क्लिफर्डने कडक आक्षेप घेतला : अपुऱ्या पुराव्यावर काहीही मानणे नेहमीच अनैतिक. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने १८९६मध्ये त्याला उत्तर दिले. पुढे अमेरिकन तत्त्वज्ञ ॲल्व्हिन प्लँटिंगा यांनी दाखवून दिले की आपल्या स्मरणशक्तीवर आपण पुरावा न मागता विसंबतो आणि त्यात काही गैर नसते. देवावरचा विश्वासही तसाच पायाभूत असू शकतो. ‘देव आहे’ एवढ्या विधानापुरता हा युक्तिवाद भक्कम वाटतो. ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या (मेलेल्यांतून उठण्याच्या) बाबतीत मात्र साक्षीदार कोण होते, त्यांनी काय पाहिले आणि ते केव्हा लिहिले गेले, हे तपासावेच लागते.