छोट्या ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक झटका का देते : पार्श्वभूमी

छोट्या ट्रॅक्टरला लोडर (तेलाच्या दाबावर चालणारे, पुढे बकेट असलेले उचलयंत्र) जोडून काम करणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते : लिव्हर किंचित ढकलला तर काहीच होत नाही, आणि आणखी जरासा ढकलला की बकेट एकदम उसळते. ताकद कमी पडत नाही. ती बेताने सोडता येत नाही. याचे मूळ एखाद्या कारखान्याच्या हलगर्जीपणात नसून, ट्रॅक्टरवर हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने काम करणारी यंत्रणा, मुळात ज्या कामासाठी आले त्या कामात आहे.

ते काम होते शेताच्या बांधाशी अवजार चटकन उचलण्याचे. जॉन डिअरच्या मॉडेल ए ट्रॅक्टरवर १९३४ मध्ये हायड्रॉलिक लिफ्ट मिळू लागली, तेव्हा ती उचलणे आणि सोडणे एवढेच करत होती. हॅरी फर्ग्युसन यांचा विचार त्यापुढचा होता. १९२६ च्या त्यांच्या पेटंटमधील ड्राफ्ट कंट्रोल नांगरावरची ओढ पाहून लिफ्टला आपोआप वरखाली करत असे. ही रचना १९३६ च्या फर्ग्युसन-ब्राउन आणि १९३९ च्या फोर्ड ९ एन ट्रॅक्टरवर आली. तरीही चालकाच्या हाताला त्यातून फारसे काही मिळाले नाही. ९ एनचा पंप पीटीओवर (अवजारांना इंजिनाची ताकद देणाऱ्या दांड्यावर) चालत असल्याने क्लच दाबून पीटीओ थांबला की लिफ्टही थांबे, आणि लिव्हर अमुक जागी ठेवला म्हणजे अवजार अमुक उंचीवर थांबेल, ही सोय फोर्डवर १९४७ च्या ८ एनपासून आली. क्लच दाबलेला असतानाही चालू राहणारा पंप फोर्डने १९५३ मध्ये दिला.

मागची लिफ्ट तेलाच्या दाबाने वर जाते, पण खाली येते ती अवजाराच्या वजनाने. त्यामुळे इंजिनाचे फेरे कमी केल्याने ती हळू उतरत नाही. त्यासाठी बाहेर पडणाऱ्या तेलाची वाट अरुंद करणारा वेगळा व्हॉल्व्ह लागतो. त्याची मूठ अनेक ट्रॅक्टरांवर सीटखाली, चालकाच्या पायांपाशी असते. अवजार धाडकन आदळते अशी तक्रार करणाऱ्याने आधी ही मूठ फिरवून पाहावी.

लोडरचे गणित निराळे आहे. १९६९ मध्ये अमेरिकेत आलेला कुबोटाचा सुमारे २१ अश्वशक्तीचा एल २०० आणि त्याच्या मागोमाग आलेले छोटे ट्रॅक्टर यांच्यात किंमत आणि आकार आटोक्यात ठेवणे भाग होते. जॉन डिअरच्या मोठ्या ट्रॅक्टरांवर १९६० पासूनच गरजेपुरतेच तेल देणारा पंप होता. छोट्यांच्या वाट्याला मात्र साधा गिअर पंप आणि ओपन सेंटर व्हॉल्व्ह (लिव्हर मोकळा असताना तेल थेट टाकीत सोडणारा) आला. हा गिअर पंप प्रत्येक फेऱ्याला ठरावीक तेल ढकलतो. समजा, तो फेऱ्याला १० घनसेंटिमीटर तेल देतो. मग मिनिटाला २,५०० फेरे असताना मिनिटाला २५ लिटर आणि १,००० फेरे असताना १० लिटर तेल मिळेल. ५० मिलिमीटर व्यासाचे आणि ४०० मिलिमीटर धावेचे दोन सिलिंडर भरायला सुमारे १.५७ लिटर लागते, म्हणजे पूर्ण लिव्हरवर लोडर एकदा पावणेचार सेकंदांत वर जाईल आणि एकदा साडेनऊ सेकंदांत. फेरे कमी करण्याचा जुना सल्ला यामुळेच खरा ठरतो, फक्त इंजिन ओझ्याखाली दबून बंद पडू नये एवढे सांभाळावे लागते.

झटक्याचे खरे कारण मात्र व्हॉल्व्हच्या आत आहे. लिव्हर मोकळा असतो तेव्हा सगळे तेल मधल्या वाटेने टाकीत परत जाते. लिव्हर ढकलला की आतला स्पूल (तेलाच्या वाटा उघडणारा-मिटणारा सरकता दांडा) ही वाट अरुंद करू लागतो, पण तेवढ्याने बकेट हलत नाही. अडलेल्या तेलाचा दाब बकेटच्या ओझ्याएवढा होईपर्यंत तेल टाकीतच जात राहते. तोवर स्पूल बराच सरकलेला असतो, आणि उरलेल्या मोजक्या मिलिमीटरमध्ये सगळा प्रवाह सिलिंडरकडे वळतो. रिकामी बकेट लवकर हलते, भरलेली उशिरा. म्हणून ओझे बदलले की हाताला लागलेली सवयही निरुपयोगी ठरते. स्पूलच्या कडेला बारीक खाचा कोरल्या, तर ही वाट हळूहळू बंद होते आणि हाताला जास्त वाव मिळतो. दोन सारख्या दिसणाऱ्या व्हॉल्व्हांच्या वागण्यात फरक पडतो तो पुष्कळदा या खाचांमुळे.

बाजारात सहज मिळणारा उपाय म्हणजे नळीच्या जोडात बारीक भोकाची चकती बसवणे. ती कोठे बसवावी याचा विचार फार कमी लोक करतात. वर जाणाऱ्या तेलाच्या वाटेत ती बसवली आणि लिव्हर पूर्ण ओढला, तर मधली वाट बंद असल्याने जास्तीचे तेल रिलीफ व्हॉल्व्ह (दाब मर्यादेपलीकडे गेला की उघडणारा) उघडूनच परत जाते, आणि इंजिनाची ताकद तेल तापवण्यात खर्ची पडते. उतरताना बाहेर येणारे तेल रोखायचे आणि वर जाताना ते मोकळे जाऊ द्यायचे, हे एकाच दिशेने अडवणाऱ्या व्हॉल्व्हने साधते, आणि माझ्या मते लोडरसाठी तोच बरा. उतरताना आत जाणारे तेल रोखले, तर ओझे तेलाच्या पुढे धावते, सिलिंडरमध्ये पोकळी निर्माण होते आणि झटका उलट वाढतो. साध्या भोकाची आणखी एक मर्यादा अशी की त्यातून जाणारा प्रवाह दाबातील फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे चौपट दाबाला दुप्पट तेल. ओझे कितीही असले तरी वेग तोच राहावा अशी अपेक्षा असेल, तर दाबानुसार स्वतःला जुळवून घेणारा फ्लो कंट्रोल व्हॉल्व्हच लागतो.