लेडीज लँड लीग

लेडीज लँड लीग : आयर्लंडमधील कुळांच्या लढ्यातील स्त्रियांची संघटना. स्थापना डब्लिन येथे ३१ जानेवारी १८८१. विसर्जन ऑगस्ट १८८२. आयुष्य उणेपुरे दीड वर्षाचे. मायकेल डेव्हिट आणि चार्ल्स स्ट्यूअर्ट पार्नेल यांच्या पुरुषांच्या लँड लीगवर (स्थापना २१ ऑक्टोबर १८७९) ब्रिटिश सरकारने बंदी घातल्यावर सगळा लढा या स्त्रियांच्या गळ्यात पडला आणि त्यांनी तो चालवला. आयरिश इतिहासग्रंथांनी मात्र बराच काळ त्यांची बोळवण एखाद्या परिच्छेदावर केली, आणि त्यातही त्यांना ‘उधळ्या’ आणि ‘अतिरेकी’ ठरवले. या दोन्ही विशेषणांचा उगम हिशेबात आहे, म्हणून हिशेबापासूनच सुरुवात केलेली बरी.

खंड आणि बेदखली : आयर्लंडमधील कूळ सहामाही खंड भरत असे. पुष्कळ ठिकाणी एक हप्ता कायम मागे ठेवायचा रिवाज होता. त्याला ‘हँगिंग गेल’, म्हणजे लोंबता हप्ता, म्हणत. वरवर ही सवलत, पण प्रत्यक्षात गळ्यातला फास. कारण १८६०च्या कायद्याने एक वर्षाचा खंड थकला की जमीनदाराला बेदखलीचा दावा लावता येई. सहा महिन्यांची बाकी कायमचीच असल्यामुळे आणखी एकच हप्ता चुकला की वर्ष भरे. बेदखल झालेल्या कुळाला सहा महिन्यांच्या आत बाकी आणि खर्च भरून जमीन सोडवता येत असे. तोवर पुष्कळदा त्याच घरात त्याला ‘राखणदार’ म्हणून राहू देत. म्हणजे जमीन तीच, चूल तीच, पण हक्क गेलेला; जमीनदाराच्या मर्जीने केव्हाही बाहेर.

जमीनदारापुढे दुसराही रस्ता होता. बेदखलीऐवजी साध्या कर्जासारखा दावा लावायचा, हुकूमनामा मिळवायचा आणि शेरीफकरवी, म्हणजे कोर्टाचे हुकूम बजावणाऱ्या अधिकाऱ्याकरवी, कुळाची गुरे किंवा जमिनीवरचा हक्क लिलावात काढायचा. लँड लीगचे धोरण इथेच अडकले. कुळाने शेवटच्या क्षणापर्यंत खंड रोखायचा, लिलाव पुकारला की वाजतगाजत जमायचे आणि मग बाकी व खर्च भरून आपलीच वस्तू परत घ्यायची. दाव्याचा खर्च लीग देईल. याला ‘संगिनीच्या टोकावर खंड’ असे नाव पडले होते. ऐकायला मर्दानी, पण बेरीज केली तर जमीनदाराला पुरता खंड मिळे, वकिलांना फी मिळे आणि अमेरिकेतल्या आयरिश मोलकरणी-मजुरांनी पाठवलेले पैसे कोर्टखर्चात जिरत. चार्ल्सची बहीण आणि स्त्रियांच्या लीगची खरी सूत्रधार ॲना पार्नेल हिने हा हिशेब पहिल्या काही महिन्यांतच ओळखला आणि त्यापुढची तिची सगळी भांडणे या एका मुद्द्यावरची आहेत.

स्थापना : कल्पना मूळची फॅनी पार्नेलची. ही चार्ल्सची कवयित्री बहीण. तिने ऑक्टोबर १८८० मध्ये न्यूयॉर्कला स्त्रियांची लीग काढून निधी गोळा करायला सुरुवात केली. पुरुष नेत्यांना लवकरच अटक होणार हे दिसू लागल्यावर डेव्हिटने तोच नमुना आयर्लंडमध्ये उभा करायचे सुचवले. इतर नेत्यांना, खुद्द चार्ल्सला धरून, यात हसे होण्याची भीती वाटत होती. संस्था स्थापन झाल्यावर चौथ्या दिवशी, ३ फेब्रुवारीला, डेव्हिट तुरुंगात गेला.

ॲना (जन्म १३ मे १८५२, ॲव्हनडेल, विकलो परगणा) चित्रकला शिकलेली, प्रॉटेस्टंट जमीनदार घरातली. संसदेत स्त्रियांना जाळीआडच्या सज्जातून कामकाज पाहावे लागे. तिथे बसून तिने कामकाजावर तिखट लेख लिहिले होते. अध्यक्षपद बॅलाघाडरीन गावी मोठे दुकान चालवणाऱ्या ॲन डीन यांच्याकडे गेले. दुकानदार बाई अध्यक्ष असणे हा योगायोग असेलही, पण या संघटनेचा खरा गुण वह्या नीट ठेवण्याचा होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. डब्लिनच्या अपर सॅकव्हिल स्ट्रीटवर (आजचा ओकॉनेल स्ट्रीट) ३९ क्रमांकाच्या इमारतीतून कचेरी चाले. काम करणाऱ्या मुली बहुतेक विशीतल्या. जेनी ओटूल आणि पुढे कवयित्री म्हणून नाव मिळवलेली कॅथरीन टायनन त्यांच्यातल्याच.

मार्च १८८१ मध्ये डब्लिनचे आर्चबिशप मॅककेब यांनी जाहीर पत्र काढून स्त्रियांनी असे चव्हाट्यावर येणे लाजेला सोडून आहे, असा ठपका ठेवला. कॅशेलचे आर्चबिशप क्रोक यांनी मात्र स्त्रियांची बाजू घेतली. दोन धर्मगुरूंचे उघड वाजल्यामुळे शाखा कमी होण्याऐवजी वाढल्या.

‘केल्सचा ग्रंथ’ : डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये जपलेली मध्ययुगीन सचित्र पोथी ‘बुक ऑफ केल्स’ म्हणून प्रसिद्ध आहे. कचेरीतल्या मुलींनी आपल्या नोंदवहीला थट्टेने तेच नाव दिले. या वहीत जमीनदारीवार नोंदी असत : मालक कोण, कारभारी कोण आणि स्वभावाने कसा, कुळे किती, प्रत्येकाचा खंड किती, सरकारी मूल्यांकन किती, बाकी किती, दावे कुठपर्यंत आले, बेदखल्या किती झाल्या आणि कुळांची हिंमत कितपत टिकून आहे. माहिती शाखांकडून छापील तक्त्यांवर येई.

यातला कळीचा रकाना खंड आणि मूल्यांकन यांच्या तुलनेचा. ‘ग्रिफिथ मूल्यांकन’ ही स्थानिक करांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला केलेली सरकारी आकारणी. लीगची जुनी मागणी खंड तेवढाच द्यावा अशी होती. दोन आकडे शेजारी मांडले की कोणता जमीनदार किती पिळतो ते सांगायला भाषण लागत नसे. उलट बाजूही तितकीच कामाची होती. खंड मूल्यांकनाच्या आसपास, बाकी थोडी आणि तरी मदतीचा अर्ज आला, तर कूळ भरू शकत असूनही लीगच्या पैशावर लिलाव लांबवतो आहे की काय, असा संशय घ्यायला जागा होई. मदत आधी कोणाला, हे वहीवरून ठरे. निदान ठरावे असा प्रयत्न असे.

बेदखलीचा दिवस : शेरीफ, बेलिफ आणि बंदोबस्ताला पोलीस किंवा पलटण येई. कायद्याने ताबा पुरा व्हायचा तर घरातले प्रत्येक माणूस आणि सामान बाहेर निघावे लागे. खाट, कपाट, बटाट्याचे भांडे, पाळणा सगळे अंगणात येई. चूल विझवत आणि दार ठोकून बंद करत. त्यानंतर घरात पाऊल टाकणारे कूळ अतिक्रमण करणारे ठरे. लीगची प्रतिनिधी आधीच तिथे हजर असे. तिची कामे तीन : कुटुंबाच्या हातावर तत्काळ रोकड ठेवणे, रात्रीच्या निवाऱ्याची सोय पाहणे आणि त्या जमिनीवर दुसरे कूळ येणार नाही अशी शेजाऱ्यांकडून खातरजमा करणे. बेदखल जमीन घेणाऱ्याला गाव वाळीत टाके. १८८० मध्ये मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट या कारभाऱ्याला असे वाळीत टाकले गेले आणि त्याचे आडनाव इंग्रजीत क्रियापद होऊन बसले.

लाकडी झोपड्या : रोकड संपते, घर मात्र जमिनीजवळ टिकून राहते. म्हणून ॲनाचा भर झोपड्यांवर होता. फळ्या आणि वासे आधीच कापून-जुळवून रेल्वेने पाठवायचे, स्टेशनवरून गाडीने न्यायचे आणि बेदखल शेताच्या शक्य तितक्या जवळ उभारायचे. कुटुंब डोळ्यांसमोर राहिले की जमीन बळकावणाऱ्याला धीर होत नसे. अडचण जागेची. बेदखल करणाऱ्या जमीनदाराच्या हाताबाहेरचा तुकडा मिळाला तरच झोपडी टिके, आणि मोठ्या जमीनदाऱ्यांच्या मुलखात असा तुकडा मैलभरात नसे. दुसरी अडचण पोलिसांची. झोपडी निवाऱ्यासाठी नसून धाक दाखवण्यासाठी आहे असे म्हणून ते सुतारांना आणि देखरेख करणाऱ्या स्त्रियांना पकडत. आणि खरे सांगायचे तर झोपडी दोन्ही कामे करत होती. जून १८८२ मध्ये लिमरिकमधल्या झोपड्या अडवल्या गेल्या, तेव्हा ॲनाने डब्लिनच्या वेस्टमोरलंड स्ट्रीटवर व्हाइसरॉय लॉर्ड स्पेन्सर यांच्या घोड्याचा लगाम धरून भर रस्त्यात जाब विचारला.

बंदीनंतर : १३ ऑक्टोबर १८८१ रोजी चार्ल्स पार्नेलला किलमेनहॅम तुरुंगात टाकले. १८ तारखेला तुरुंगातून ‘खंड देऊ नका’ हा जाहीरनामा निघाला आणि २० तारखेला लँड लीग बेकायदा ठरली. जाहीरनामा काढणाऱ्यांपैकी कित्येकांना तो पाळला जाईल अशी आशा नव्हती. स्त्रियांनी मात्र तो शब्दशः घेतला.

त्याच सुमारास ऑगस्ट १८८१च्या नव्या जमीन कायद्याने खंड ठरवणारे न्यायालय सुरू झाले आणि तिथे खंड सरासरी पाचव्या हिश्श्याने उतरू लागले. ज्यांच्याकडे बाकी नव्हती ती बरी कुळे तिकडे वळली. बाकी असलेल्या लाखाहून अधिक कुळांना त्या दाराशी जाताच येत नव्हते. म्हणजे लढायला उरले ते सगळ्यांत गरीब, आणि प्रत्येकाच्या बेदखलीचा भार लीगच्या तिजोरीवर. स्त्रियांवरचा उधळपट्टीचा आरोप या कोंडीतून जन्मला.

याखेरीज विनाचौकशी स्थानबद्ध केलेल्या शेकडो पुरुषांचे जेवण बाहेरून पुरवायचे होते. हा खर्च हिवाळ्यात फुगत गेला. ‘युनायटेड आयर्लंड’ हे लीगचे वृत्तपत्र दडपल्यावर संपादनाचे टेबल, छपाईच्या बदलत्या जागा आणि गुपचूप वाटप हेही स्त्रियांनी सांभाळले; हॅना लिंचने छपाईचे साहित्य पॅरिसला नेऊन तिथून अंक काढला. मुलांच्या शाखाही होत्या. त्यांच्यासाठीच्या इंग्रजी मुळाक्षरांच्या कवितेत ‘बी’ म्हणजे बकशॉट, पोलिसांच्या बंदुकीतले छर्रे.

१६ डिसेंबर १८८१ रोजी स्त्रियांच्या सभाही बेकायदा ठरवल्या गेल्या. उत्तरादाखल १ जानेवारी १८८२ला देशभर शाखांनी सभा घेतल्या. अटका सुरू झाल्या, पण त्यात एक खोच होती. पुरुषांना विशेष कायद्याखाली ‘संशयित’ म्हणून ठेवत. त्यांना स्वतःचे कपडे, बाहेरचे जेवण, एकमेकांची सोबत मिळे. स्त्रियांना मात्र तिसऱ्या एडवर्डच्या काळातल्या, चौदाव्या शतकातल्या, भटक्या आणि बदलौकिकाच्या लोकांसाठीच्या कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागत. हा कायदा एरवी वेश्यांवर वापरला जाई. जामीन देणे म्हणजे आपण बदलौकिकाच्या आहोत हे कबूल करणे, म्हणून त्या नकार देत आणि साध्या गुन्हेगारांच्या कोठडीत जात. हॅना रेनल्ड्सला महिनाभराची कैद झाली, मेरी ओकॉनरला सहा महिन्यांची. तेरा जणी अशा तुरुंगात गेल्या.

विसर्जन : मे १८८२च्या आरंभी समझोता होऊन पार्नेल सुटला. थकबाकीदार कुळांसाठी सरकार कायदा करणार, बदल्यात लढा थंडावणार. पुरुष नेत्यांना आता स्त्रियांची संघटना नको होती, पण मदतीचे अर्ज तपासण्याची त्यांची हातोटी हवी होती. बँकेत स्त्रियांच्या नावे सुमारे ५,००० पौंडांचे कर्ज उभे होते. लीगच्या निधीतून ते फेडायचे तर संघटना मोडा, आणि शिवाय अर्ज छाननीचे काम मुकाट्याने करत राहा, अशी अट पुढे आली. धोरणात शब्द नाही, कारकुनी मात्र चालू. स्त्रियांनी दुसरा भाग नाकारून संघटना मोडली. त्याआधी जुलैत फॅनी अमेरिकेत अचानक वारली होती आणि ॲना त्या धक्क्याने अंथरुणावर होती. त्यानंतर ती भावाशी पुन्हा कधी बोलली नाही.

नंतर : ॲना इंग्लंडमध्ये खोट्या नावाने, हलाखीत राहिली. डेव्हिटच्या १९०४च्या ग्रंथात स्त्रियांचे कौतुक होते, पण त्या लढ्याला जोर देणारे हत्यार म्हणून. त्याला उत्तर म्हणून १९०७ मध्ये तिने ‘एका मोठ्या सोंगाची कथा’ अशा अर्थाचे हस्तलिखित लिहिले. त्यात वैयक्तिक आठवणी जवळजवळ नाहीत. आहे ते खंड, दावे आणि खर्च यांचे चिकित्सक पृथक्करण. लीगमधल्या सहकाऱ्यांना दुखावणारे म्हणून ते कोणी छापेना. २० सप्टेंबर १९११ रोजी डेव्हनमधल्या इल्फ्राकूम येथे पोहताना ती बुडून वारली. हस्तलिखित १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले, लिहिल्यानंतर ७९ वर्षांनी.

कचेरीतली जेनी ओटूल पुढे जेनी वाइझ पॉवर झाली. डब्लिनच्या हेन्री स्ट्रीटवरच्या तिच्या खाणावळीत ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६च्या उठावाचा जाहीरनामा सह्यांसाठी मांडला गेला. १९२२ ते १९३६ ती स्वतंत्र आयर्लंडच्या सिनेटमध्ये होती, आणि १९३५ मध्ये कारखान्यांतली काही कामे स्त्रियांना बंद करण्याचा अधिकार मंत्र्याला देणारे विधेयक आले तेव्हा तिने त्याविरुद्ध आवाज उठवला. विधेयक मंजूर झाले.