महाराष्ट्राचे वाइन धोरण

द्राक्षापासून वाइन तयार करणाऱ्या उद्योगासाठी महाराष्ट्र शासनाने 2001 पासून दिलेल्या सवलती, योजना व नियम. त्या वर्षीचे ‘द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण’ हा त्यांचा पाया. नावात ‘वाइन’ नाही, हे मासलेवाईकच. दारूची उघड बाजू घेणे इथल्या कोणत्याच सरकारला सोपे गेलेले नाही.

वाइन त्याआधीही होत होती. नारायणगावच्या इंडाज कंपनीने 1980च्या दशकातच सुरुवात केली होती आणि नाशिकजवळच्या सुला कंपनीची पहिली वाइन 2000 मध्ये बाजारात आली. धोरणाने उत्पादन शुल्क 10 वर्षांसाठी माफ केले, विक्रीकर 20 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आणला, परवाने सुटसुटीत केले. विंचूर (जि. नाशिक) व पलूस (जि. सांगली) येथे एमआयडीसीने वाइन पार्क उभारले.

वायनऱ्यांनी, म्हणजे वाइनच्या कारखान्यांनी, शेतकऱ्यांशी भावाचे करार केले. एप्रिलची खरड छाटणी (काडी तयार होण्यासाठी), ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी (फळ धरण्यासाठी) हे चक्र बागायतदाराच्या अंगवळणी पडलेले होतेच. शिवाय खाण्याच्या द्राक्षाला लागते तशी मणी फुगवण्यासाठी घड जीएच्या (जिबरेलिक आम्ल या संजीवकाच्या) द्रावणात बुडवण्याची किंवा घडातल्या मण्यांच्या विरळणीची कटकट इथे नव्हती. शिराज किंवा काबर्ने सोविन्यों या वाइनच्या जातींचा मणी जेमतेम वाटाण्याएवढा, जाड सालीचा, बियांचा. अडचण नेमकी तिथेच होती. थॉमसन सीडलेस या खाण्याच्या जातीचा भाव पडला तर माल बेदाण्याला लावता येतो, निदान हातगाडीवर तरी खपतो. वाइनचे द्राक्ष वायनरीने नाकारले की त्याला दुसरे गिऱ्हाईक नाही. करसवलत बाटलीवर होती. शेतकऱ्याच्या या जोखमीसाठी धोरणात फारसे काही नव्हते.

2008 मध्ये ते अंगाशी आले. जागतिक मंदी आणि 26 नोव्हेंबरचा मुंबईवरील हल्ला यांमुळे हॉटेलांतला खप घसरला, वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या. अनेकांनी करार केलेला माल उचलला नाही, काहींनी उचलून पैसे थकवले. इंडाजसारखी जुनी कंपनीही कर्जात बुडाली. कितीतरी शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा तोडून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली.

पुढची मदतही कराच्याच वाटेने आली. वाइनवर 20 टक्के व्हॅट घ्यायचा आणि त्यातला 16 टक्के वायनरीला परत द्यायचा, अशी ही प्रोत्साहन योजना. म्हणजे फिरून तेच 4 टक्के. मध्यंतरी बंद पडलेली ही योजना 2024 मध्ये पुन्हा सुरू करण्याचा निर्णय झाला. मद्य हा राज्यांचा विषय असल्याने तिचा उपयोग राज्याच्या हद्दीपुरताच. कर्नाटकाने 2007 मध्ये स्वतःचे वाइन धोरण आणले, आणि नाशिकची बाटली सीमेपलीकडे गेली की परराज्यातली ठरते.

खप वाढवण्याचा सर्वांत धीट प्रयत्न जानेवारी 2022 चा. 1,000 चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटांत वेगळ्या कपाटात वाइन विकू देण्यास मंत्रिमंडळाने मान्यता दिली. दारूबंदीचे जिल्हे वगळले. ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असा युक्तिवाद सत्ताधाऱ्यांकडून झाला, तर विरोधकांनी ‘महाराष्ट्राचे मद्यराष्ट्र’ म्हणून टीका केली. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय बारगळला आणि किराण्याशेजारचे ते कपाट कागदावरच राहिले.