पार्श्वभूमी : मृगाआधीचा डोस आणि औषधाला दाद न देणारे जंत

साक्री, शिंदखेडा, धुळे भागातल्या मेंढपाळांना जंतनाशकाचे वेळापत्रक पाठ आहे. एक डोस पावसाळ्याआधी, एक पावसाळा सरल्यावर, आणि दोन्ही वेळा अख्ख्या कळपाला. आज प्रश्न उभा आहे तो यातल्या पहिल्या डोसचा : तो अख्ख्या कळपाला द्यावा, की काही मेंढ्या सोडाव्यात?

पळसाच्या बिया, वावडिंग, पुढे मोरचूद असे उपाय पूर्वीपासून होते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास फेनोथायाझिन आले. १९५७ मध्ये त्याला न जुमानणाऱ्या जंतांची नोंद झाली. १९६१ मध्ये थायाबेंडाझोल आले आणि तीनच वर्षांत तेही काही ठिकाणी फिके पडले. भारतात उत्तरेकडच्या मेंढ्यांमध्ये ही दोन्ही औषधे निष्प्रभ ठरल्याचे १९७६ मध्येच छापून आले होते. म्हणजे आपल्याकडे इशारा मिळून जवळपास पन्नास वर्षे झाली, तरी वेळापत्रक तेच आहे. १९८१ नंतर आलेल्या आयव्हरमेक्टिनलाही ते दशक संपण्याआधी दक्षिण आफ्रिकेतल्या जंतांनी चकवले. २००९ मध्ये न्यूझीलंडमध्ये मोनेपँटेल हे अगदी नवे औषध बाजारात आले. चार वर्षांत तेही तिथे चालेनासे झाल्याची नोंद झाली.

दरम्यान आपल्या दुकानांत बाटल्या बदलत राहिल्या. अल्बेंडाझोल ‘लागू पडत नाही’ म्हणून मेंढपाळ फेनबेंडाझोल घेतो. दोन्ही थायाबेंडाझोलच्याच कुळातली, जंताच्या शरीरात एकाच जागी काम करणारी. एकाला सरावलेला जंत दुसऱ्यालाही सरावलेलाच असतो. त्यात मेंढीचे वजन नजरेने धरले जाते. तीस किलोच्या मेंढीला पंचवीसच्या हिशेबाने औषध गेले की अर्धवट सरावलेले जंतही तगतात. वाड्यातल्या, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळावरच्या, शेळ्यांना मेंढ्यांएवढेच औषध पाजले जाते, तिथे तर ते हमखास कमी पडते. शेळीचे शरीर ते लवकर बाहेर टाकते.

आता मृगाआधीच्या डोसकडे. मे महिन्यात खानदेशात पारा ४३-४४ अंशांवर जातो. माळावर पडलेल्या लेंड्या वाळून कोरड्याठाक होतात, त्यांतली अंडी आणि अळ्या बहुतांशी मरतात. जून उजाडताना माळ जवळपास स्वच्छ असतो आणि जंत उरतात ते मेंढ्यांच्या पोटात. वेळापत्रकाच्या बाजूने बोलणारे नेमके हेच दाखवतात. शत्रू एका जागी सापडला आहे, आत्ताच मारा. रक्त पिणाऱ्या हिमोंकसची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. पावसाळी उबेत अंड्यापासून आठवडाभरात गवतावर चढणारी अळी तयार होते. मग पावसाआधीच पोट साफ केलेले बरे नाही का?

विरोधाचा मुद्दाही त्याच उन्हाळ्यातून निघतो. औषध पाजल्यावर जे थोडे जंत जगतात, ते औषधाला न मरणारेच असतात. एरवी त्यांची अंडी माळावरच्या साध्या, औषधाने मरणाऱ्या जंतांच्या अंड्यांत मिसळून पातळ होतात. जूनमध्ये मिसळायला माळावर काहीच नसते. पहिल्या पावसानंतरच्या कोवळ्या गवतावर फक्त त्यांचीच पिल्ले चढतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात हे घडून गेले आहे. तिथल्या कोरड्या, कडक उन्हाळ्यात सगळ्या मेंढ्यांना औषध पाजण्याची शिफारस झाली, काही वर्षे ती उत्तम चालली, आणि त्यातूनच औषधाला दाद न देणारे जंत पसरले. पुढे काही मेंढ्या मुद्दाम बिनऔषधाच्या ठेवायचा सल्ला आला. तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो आणि मुख्य जंतही वेगळा आहे, म्हणून तो सल्ला जसाच्या तसा उचलता येणार नाही. तरीही आपला मे महिना पाहता हा धोका इथे कमी नसणार, असे माझे स्पष्ट मत आहे.

अडचण शब्दाचीही आहे. औषधापासून वाचवलेल्या या साध्या जंतांना परदेशात ‘रेफ्युजिया’ म्हणतात. मराठीत कोणी त्याला ‘आश्रय’ म्हणतो, आणि मेंढपाळाला वाटते, जंतांना आसरा द्या असे सांगताहेत. श्रावणात कोकरू दगावले तर नुकसान त्याचे, आणि जंतनाशकाच्या शिबिरात औषध बहुधा फुकट. तो नाही म्हणतो यात चूक काय? धष्टपुष्ट मोठ्या मेंढ्यांतल्या काही सोडा. कोकरे, दुभत्या आणि अशक्त मेंढ्यांना चुकवू नका, असे सांगितले तर तो ऐकतो.

कोणती मेंढी सोडायची हे पापणीवरून ठरवण्याची पद्धत १९९० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत बसवली गेली. पापणी उलटायची आणि आतला रंग पाच छटांच्या तक्त्याशी ताडायचा. लालभडक असेल तर औषध नको, पांढुरकी असेल तर लगेच. ही खूण हिमोंकससारख्या रक्त पिणाऱ्या जंतापुरतीच. यकृतकृमीनेही पापणी पांढरी पडते, आणि त्याचे औषध वेगळे.

औषध खरोखर चालले का, हे लेंडीतूनच कळते. डोसच्या दिवशी आणि पुन्हा १० ते १४ दिवसांनी त्याच मेंढ्यांच्या लेंड्यांतली अंडी मोजायची. घट ९५ टक्क्यांहून कमी भरली तर संशय घ्यायचा. दिवाळीनंतर वाटेला लागलेल्या वाड्याच्या बाबतीत हेच जमत नाही. पहिला नमुना साक्रीत दिला, तर दुसऱ्याच्या दिवसापर्यंत मेंढ्या कुणाच्या तरी कापूस निघालेल्या शेतात, दुसऱ्याच तालुक्यात बसलेल्या असतात.