घरच्या पार्किंगमध्ये गाडी जॅकवर उचलणे

पंक्चर झालेले चाक बदलणे, ब्रेकपॅड पाहणे, चाकांची अदलाबदल करणे किंवा गाडीखालची गळती शोधणे अशा कामांसाठी मोटारीचे एक चाक, एक बाजू किंवा एक टोक जॅकने जमिनीपासून वर घेण्याची क्रिया. महाराष्ट्रात स्वतंत्र गॅरेज असलेली घरे थोडी. त्यामुळे हे काम बहुधा सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये, बंगल्याच्या पोर्चमध्ये नाहीतर अंगणात होते. क्रिया सोपी दिसते आणि योग्य रीतीने केली तर ती सोपी आहेही. मात्र चूक झाली तर हात चिरडण्यापासून जीव जाण्यापर्यंत काहीही होऊ शकते. गाडी पडण्यासाठी जॅक मोडावा लागत नाही. उचललेली गाडी चार बोटे पुढे-मागे सरकली तरी पुरते. म्हणून या कामातली बहुतेक खबरदारी वजन पेलण्यापेक्षा गाडी जागेवर धरून ठेवण्याची असते.

जॅकचे प्रकार : गाडीच्या डिकीत स्टेपनीसोबत येतो तो कात्री जॅक. आडवा स्क्रू फिरवला की त्याचे चार दांडे जवळ येतात आणि माथा वर जातो. स्क्रूच्या आट्या स्वतःहून उलट फिरत नाहीत, त्यामुळे तो आपोआप खाली बसत नाही. हा त्याचा मोठा गुण. पण त्याची बैठक जेमतेम तळहाताएवढी असते आणि आडव्या धक्क्यापुढे तो टिकत नाही. तो फक्त चाक बदलण्यापुरता आहे.

बाटलीसारखा उभा बाटली जॅक आणि चाकांवर सरकणारा ट्रॉली जॅक तेलाच्या दाबावर चालतात. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हे ब्लेझ पास्कालने सतराव्या शतकात मांडले. त्या तत्त्वावर जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये इंग्लंडमध्ये दाबयंत्राचे पेटंट घेतले, आणि उचलून नेता येईल अशा हायड्रॉलिक जॅकचे पेटंट न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजनला १८५१ मध्ये मिळाले. लहान दट्ट्यापेक्षा मोठ्या दट्ट्याचे क्षेत्रफळ दहापट असेल तर जोर दहापट मिळतो आणि उंची एक दशांश. म्हणून हँडल पुन्हापुन्हा मारावे लागते. बाटली जॅक ट्रक-टेम्पोवाल्यांचा आवडता, पण त्याची मूळ उंचीच जास्त असल्याने लहान गाडीखाली तो अनेकदा शिरत नाही. घरी नियमित काम करणाऱ्याने बुटका ट्रॉली जॅक घ्यावा. तेलाच्या जॅकची कमकुवत जागा म्हणजे त्याचे सील आणि तेल सोडणारा व्हॉल्व्ह. सील झिजले की जॅक हळूहळू बसतो. फुटले तर एकदम.

स्टँड : याच कारणाने जॅक हे फक्त उचलण्याचे साधन मानावे, गाडी टेकवायची ती स्टँडवर. गॅरेजात त्याला घोडी म्हणतात. त्यात तेल नसते, झिजणारे सील नसते. लोखंड लोखंडावर टेकलेले असते. काही स्टँडमध्ये दातेरी पट्टी आणि खिट्टी असते, काहींत आरपार जाणारी पिन. दातेरी प्रकारात खिट्टी पुरती बसली आहे की नाही हे दर वेळी डोळ्यांनी पाहावे. अमेरिकेतल्या हार्बर फ्रेट टूल्स या कंपनीला २०२० मध्ये तीन आणि सहा टनी असे मिळून सुमारे १७ लाख स्टँड परत बोलवावे लागले, कारण दाते पुरेसे खोल अडकत नव्हते आणि गाडी हलली तर स्टँड खाली येण्याची शक्यता होती. बदली म्हणून दिलेल्या स्टँडपैकी काहींच्या वेल्डिंगमध्ये दोष निघाला आणि तेही त्याच वर्षी परत घेतले गेले.

आपल्याकडे स्टँडऐवजी विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक रचण्याची सवय फार आहे. ती सोडायलाच हवी. भिंतीत वजन सगळ्या विटांवर पसरते. गाडीची कडा मात्र एका रेषेवर दाब देते, आणि वीट वाकून इशारा न देता क्षणात फुटते. स्टँड नसतील तर जाड, सुक्या लाकडाचे ठोकळे एकावर एक आडवे-उभे रचावेत. तेही नसतील तर गाडीखाली जाऊ नये.

जागा : जमीन सपाट आणि कठीण हवी. स्टिल्ट पार्किंगच्या कोब्याला पाणी वाहून जाण्यासाठी थोडा उतार दिलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की कळतो. पेव्हर ब्लॉक एकेकटा खचतो, शहाबादी फरशी खालून पोकळ असेल तर तडकते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात मऊ झालेल्या डांबरात जॅकची बैठक रुतते. अशा ठिकाणी जॅकखाली इंचभर जाडीची रुंद लाकडी फळी घालावी. पावसाळ्यात मातीच्या अंगणात फळी घालूनही हे काम करू नये. शहरांतल्या यांत्रिक पार्किंगच्या लोखंडी पाळण्यावर तर कधीच नाही.

कोणते चाक कशाने अडते : या विषयातला हा भाग सर्वांत कमी लोकांना ठाऊक असतो. ‘हँडब्रेक ओढलाय, गिअर टाकलाय, मग काय होतंय?’ असे म्हणून काम सुरू होते. पण गाडीचे कोणते टोक वर आहे त्यावर दोन्हींचा उपयोग ठरतो.

आजच्या बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या दोन चाकांवरच लागतो. मागची दोन्ही चाके वर घेतली की तो हवेतल्या चाकांना धरून बसतो. जमिनीवरच्या पुढच्या चाकांना तो काहीच करत नाही. स्विफ्ट, वॅगनआर, आय-ट्वेंटीसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत अशा वेळी गिअर थोडे काम करतो, कारण तो इंजिनमार्फत पुढची चाके अडवतो. पुढचे टोक वर घेतले तर उलट: गिअर निरुपयोगी, हँडब्रेक कामाचा.

आता पुढचे एकच चाक उचलले असे धरा. दुसरे पुढचे चाक जमिनीवर आहे, गाडी गिअरमध्ये आहे, म्हणजे ते अडलेले असणार असे वाटते. तसे होत नाही. दोन्ही चाकांमधला डिफरन्शियल, म्हणजे त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी चाकांची जोडणी, हवेतल्या चाकाला उलटे फिरू देतो आणि त्या मोबदल्यात जमिनीवरचे चाक सुटते. ऑटोमॅटिक गाडीतल्या ‘पी’ची, म्हणजे पार्कचीही हीच गत, कारण त्याची खिट्टी गिअरबॉक्समध्ये असते, चाकावर नाही.

बोलेरो, इको, इनोव्हा क्रिस्टा या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत हँडब्रेक आणि गिअर दोन्ही मागच्याच चाकांवर येतात. मागचे टोक पूर्ण उचलले की गाडीला अडवणारे काहीही उरत नाही. यावर एकच खात्रीचा उपाय आहे: जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून, दोन्ही बाजूंनी घट्ट पाचरी लावणे. गोटा चालत नाही, तो गडगडतो. त्रिकोणी लाकडी किंवा रबरी पाचर टायरच्या वळणात बसते.

उचलायची जागा : बहुतेक मोटारींच्या दाराखालच्या पत्र्याच्या कडेला, पुढच्या चाकामागे आणि मागच्या चाकापुढे, दोन-दोन खाचा असतात. त्या दोन खाचांमधली जागा मजबूत केलेली असते आणि कात्री जॅकच्या माथ्याची खोबण तिथेच बसवायची. नेमके चित्र गाडीच्या पुस्तिकेत असते. ट्रॉली जॅकने मधून उचलायचे तर पुढचा क्रॉस मेंबर, म्हणजे तळाचा मजबूत आडवा दांडा, वापरतात. इंजिनच्या तेलाचा चेंबर, सायलेन्सर किंवा लहान गाड्यांच्या मागच्या आडव्या बीमचा मध्य यांना जॅक लावू नये. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार यांसारख्या चॅसीवर (वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर) बसवलेल्या गाड्या चॅसीखाली किंवा एक्सलखाली उचलतात. इलेक्ट्रिक गाडीत फरशीखाली बॅटरी पसरलेली असते, तेव्हा ठरवून दिलेली जागा बोटभरही चुकवून चालत नाही. शिवाय तशाच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा तिचे वजन जास्त असते.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत जुन्या गाड्यांची हीच कडा आतून गंजते. वरून रंग शाबूत दिसतो आणि जॅक लावला की माथा पत्र्यात घुसतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावे. खणखणीत आवाजाऐवजी भुसभुशीत लागले तर तिथे उचलू नये.

कृती : गाडीतली सर्व माणसे उतरवावीत, इंजिन बंद करावे, मुलांना दूर ठेवावे. हँडब्रेक, पहिला किंवा रिव्हर्स गिअर आणि पाचरी लावून झाल्यावर चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत. पान्यावर दिलेला जोर आडवाच असतो, आणि तोच जॅकवरच्या गाडीला नको असतो. मग जॅक कडेला टेकेपर्यंत वर आणून थांबावे, तो सरळ उभा आहे का हे दोन बाजूंनी पाहावे आणि पुढे उचलावे.

गाडी वर जाताना तिचा उचललेला भाग सरळ रेषेत जात नाही; जमिनीवरच्या चाकांभोवती कमानीत फिरतो आणि थोडा त्यांच्या दिशेने सरकतो. ट्रॉली जॅकला चाके दिलेली असतात ती यासाठी. त्याच्या चाकाखाली खडा किंवा फरशीची सांध आली, तर जॅक जागेवर राहतो, गाडी सरकते आणि माथा निसटतो. म्हणून आधी झाडून घ्यावे. कात्री जॅक तिरपा होताना दिसला की गाडी खाली घेऊन नव्याने लावावा. हाताने ढकलून सरळ करू नये.

हवी तेवढीच उंची घ्यावी. स्टँड मजबूत भागाखाली ठेवून गाडी सावकाश त्यांवर उतरवावी आणि खाली जाण्याआधी बंपरला हाताने दोन-चार ठाम धक्के द्यावेत. डगमगली तर ती आत्ताच डगमगू दे. जॅक काढून न घेता हलका टेकवून ठेवावा आणि काढलेले चाक दाराखाली आडवे सारावे. सगळे फसले तरी गाडी टायरवर येते आणि खालच्या माणसाला थोडी जागा उरते. घरातल्या कुणाला तरी आपण गाडीखाली आहोत हे माहीत असावे.

गंजामुळे चाक हबला, म्हणजे ते ज्यावर बसते त्या भागाला, चिकटले तर जॅकवर असताना लाथा मारण्याचा मोह होतो. त्याऐवजी नट हाताने बसवून किंचित सैल ठेवावेत आणि गाडी सावकाश जमिनीवर टेकवावी. तिच्याच वजनाने चाक बहुधा सुटते. मग ती पुन्हा उचलावी.

चाक बसवताना नट आधी बोटांनी फिरवावेत, समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि शेवटचा जोर गाडी खाली आल्यावरच द्यावा. लहान गाड्यांच्या नटांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर इतका आवळण्याचा जोर लागतो. पान्यावर उभे राहून उड्या मारल्या तर बोल्ट ताणला जातो. पन्नास-शंभर किलोमीटर चालवून नट पुन्हा तपासावेत.

डिकीतला जॅक वर्षातून एकदा तरी बाहेर काढून स्क्रूला ग्रीस लावावे. पावसाळा नुकताच संपलेला असतो म्हणून खंडेनवमीचा दिवस सोयीचा, आणि त्या दिवशी हत्यारे तशीही पुसून पूजेला मांडली जातात. नवी गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी: टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या ट्यूबलेस टायरच्या मोटारींना २०२० पासून भारतात स्टेपनी न देण्याची मुभा आहे, आणि स्टेपनी नसलेल्या गाडीत जॅकही असेलच असे नाही.