पौष्टिक स्वयंपाकाचं पुस्तक की डाएटचं पुस्तक?

घरचं जेवण जरा तब्येतीला मानवेल असं करायचं ठरलं, की कुणी पुस्तक शोधतं, कुणी सरळ मोबाइलवर ‘हेल्दी रेसिपी’ टाकतं. समोर जे येतं त्यात दोन प्रकार बेमालूम मिसळलेले असतात. मुखपृष्ठावर तोच हिरवागार सॅलडचा फोटो आणि नावात तेच ‘आरोग्य’, पण एक पौष्टिक स्वयंपाक शिकवणारं पुस्तक असतं आणि दुसरं डाएटचं. हवं होतं पहिलं आणि हाती पडलं दुसरं, की थोड्याच दिवसांत ते बाजूला पडतं आणि ‘आपल्यातच चिकाटी नाही’ असं माणूस ठरवून टाकतो. हे मला फार लागतं, कारण गडबड बहुतेक वेळा पुस्तक निवडतानाच झालेली असते.

ग्रंथालयांनी या दोघांना केव्हाच वेगळं केलं आहे. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश वर्गीकरणात स्वयंपाक ६४१.५ या क्रमांकाखाली येतो आणि त्यातच ६४१.५६३ वर आरोग्यासाठीचा स्वयंपाक. आहारशास्त्राची पुस्तकं ६१३.२ खाली आणि वजन कमी करण्याचे आहार ६१३.२५ वर. म्हणजे दोघांची कपाटंच निराळी. ऑनलाइन दुकानात आणि सर्च इंजिनमध्ये अशी कपाटं नसल्यामुळे निवड आपल्यालाच करावी लागते.

डाएटचं पुस्तक एका नियमाभोवती उभं असतं: अमुक खायचं नाही, किंवा अमुक वेळेतच खायचं. आधी त्या नियमाची बाजू मांडणारी प्रकरणं, मग आठवड्यांचं वेळापत्रक आणि शेवटी पाककृती. या पाककृती नियमाच्या हिशोबात बसवलेल्या असतात, त्यामुळे एखादी सुटी उचलली तर हिशोब बिघडतो. कार्बोहायड्रेट जवळजवळ बंद करणाऱ्या आहारातला भरपूर चीज-लोण्याचा नाश्ता त्या दिवसभराच्या आखणीत बसतो. तोच नाश्ता ब्रेडसोबत खाल्ला आणि बाकीचं जेवण नेहमीचंच ठेवलं, तर फक्त चरबी वाढते.

पौष्टिक स्वयंपाकाचं पुस्तक हात तयार करतं. भाज्या उकळून पिचपिचीत करण्यापेक्षा ओव्हनमध्ये तेज आचेवर भाजल्या की त्यांची गोडी कशी खुलते, मीठ कमी केल्यावर शेवटी लिंबू पिळून किंवा व्हिनेगर घालून चव कशी सावरायची, कांदा नीट परतला तर कमी तेलातही पदार्थाला अंग कसं येतं, कडधान्यं भिजवायची किती आणि शिजवायची किती. हे एकदा अंगात मुरलं की पुस्तक उघडायची गरजही कमी होत जाते. मला विचाराल तर रोजच्या स्वयंपाकासाठी नव्वद टक्के घरांना हेच हवं असतं.

डाएटच्या पुस्तकांना सरसकट नावं ठेवावीत असंही नाही. उच्च रक्तदाबासाठीचा ‘डॅश’ आहार घ्या. त्यामुळे रक्तदाब उतरतो हे दाखवणारी चाचणी १९९७ साली प्रसिद्ध झाली आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेने त्याची माहिती आणि पाककृती सगळ्यांसाठी मोफत ठेवल्या आहेत. पण चांगला आहारही प्रत्येकासाठी नसतो. डॅशमध्ये फळं, भाज्या, कडधान्यं भरपूर, म्हणून पोटॅशियमही भरपूर. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याला ते झेपेलच असं नाही. ‘लो सोडियम’ म्हणून विकलं जाणारं मीठही बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइड मिसळून बनवलेलं असतं. आजार असेल तर पुस्तक नंतर, आधी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ.

आता पाककृतीवरचं ‘हेल्दी’ हे लेबल. त्यावर विसंबू नका, घटकांची यादी वाचा. समजा, भाज्यांचं सूप चार जणांसाठी आहे आणि त्यात दोन छोटे चमचे मीठ लिहिलंय. सपाट भरलेल्या छोट्या चमच्यात साधारण ६ ग्रॅम मीठ मावतं. म्हणजे एकूण १२ ग्रॅम, माणशी ३. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. एका वाटी सूपमध्येच निम्म्याहून जास्त संपलं, आणि त्यात तयार स्टॉक क्यूब (सूपला चव देणारी खारट वडी) पडला असेल तर ते मीठ वेगळंच.

दुसरं उदाहरण ‘बिनसाखरेच्या’ केकचं. त्यात अर्धा कप मध असतो, साधारण १७० ग्रॅम. त्यातली साखर जवळपास १४० ग्रॅम भरते. आठ तुकडे केले तर प्रत्येकी सतरा-अठरा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मध, सिरप आणि फळांचा रस यांतली साखर ‘मुक्त साखरे’तच मोजते. २००० कॅलरींच्या आहारात ती ५० ग्रॅमच्या आत असावी आणि शक्यतो २५च्या, असं तिचं सांगणं आहे. चांगलं स्वयंपाकाचं पुस्तक अशा केकला गोड पदार्थच म्हणतं आणि तुकडा लहान कापायला सांगतं.

ऑनलाइन पाककृतीखाली पोषणमूल्यांची चौकट असते. ते आकडे बहुधा सॉफ्टवेअर काढतं आणि ‘एक सर्व्हिंग’ किती धरलंय यावर सगळं अवलंबून असतं. चौकटीत सोडियम दिलं असेल तर त्याला अडीचने गुणा, मीठ कळेल. मापंही तपासा: ऑस्ट्रेलियातला मोठा चमचा २० मिलिलिटरचा, बहुतेक ठिकाणी १५चा, अमेरिकी कप सुमारे २४० मिलिलिटर, मेट्रिक कप २५०. तेलाच्या बाबतीत हा फरक लहान नाही, कारण १५ मिलिलिटर तेलातच सुमारे १२० कॅलरी असतात. म्हणून ग्रॅममध्ये मापं देणारी पाककृती दिसली की माझा तिच्यावर लवकर विश्वास बसतो.

शोधताना ‘हेल्दी’ हा शब्द टाकूच नका. ‘मसूर सूप कमी मीठ’, ‘फ्लॉवर ओव्हनमध्ये भाजलेला’ असा घटक आणि कृती टाका, निकाल बरेच सुधारतात. हृदयरोग किंवा मधुमेहावर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थांच्या संकेतस्थळांवर पाककृतींचे स्वतंत्र विभाग असतात, तिथे आधी डोकवा. पुस्तक मात्र विकत घेण्यापूर्वी ग्रंथालयातून आणा. मधलं कुठलंही पान उघडून एकच पाककृती निवडा आणि पुस्तकातली बाकीची प्रकरणं न वाचता ती आज रात्री करता येते का बघा. आली, तर ते स्वयंपाकाचं पुस्तक. आधी पन्नास पानांचे नियम वाचायला लागत असतील तर हातात डाएट आहे. ते पाळायची तयारी आणि कारण असेल तरच घरी न्या.